लघुग्रह पृथ्वीवर आदळणार असेल तर आपल्याला आधी कळेल का? लोणारपासून ‘२०२४ वायआर४’पर्यंत संपूर्ण माहिती

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट आहे. धुळ्याच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फॉरवर्ड केला. त्यात जगाचा नकाशा होता आणि प्रशांत महासागरापासून भारतापर्यंत गेलेली एक लाल पट्टी. खाली लिहिलं होतं, ‘२२ डिसेंबर २०३२, लघुग्रह धडकणार, मुंबईला धोका.’ मामांची मुलगी मुंबईत नोकरी करते. त्यामुळे पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, “भाचा, मुंबईवर पडी का रे ते?”

मी तेव्हा जळगावात बसस्टँडवर उभा होतो. मेसेज नीट न वाचताच सांगून टाकलं, “मामा, फेक आहे, डिलीट करा.” घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की चूक माझीच होती. लघुग्रह खरा होता, तारीख खरी होती आणि पट्टीचा नकाशाही बराचसा खरा होता. चुकीचा होता तो फक्त ‘धडकणार’ हा एक शब्द. त्या रात्री मी मामांना परत फोन करून सगळं समजावून सांगितलं. तेच आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितोय.

लघुग्रह म्हणजे नेमकं काय?

सूर्यमाला तयार झाली तेव्हा ग्रह बनून जे दगड-धातू उरले, ते आजही सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असतात, पण काहींच्या कक्षा पृथ्वीजवळून जातात. धोका असतो तो यांच्याकडून.

तीन शब्द नेहमी एकमेकांत मिसळतात, म्हणून आधी ते वेगळे करूया. अवकाशात फिरतो तो लघुग्रह. त्याचा लहान तुकडा वातावरणात शिरून जळतो आणि आकाशात रेघ दिसते ती उल्का. जळून उरलेला तुकडा जमिनीवर पडतो तो अशनी.

अशनी आपल्या भागातही पडलेले आहेत. १८७७ मध्ये धुळ्याजवळ भागूर इथे पडलेला अशनी जगभरातल्या अशनींच्या यादीत नोंदवलेला आहे. २०१२ च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदुपारी दगड पडले होते. इतक्या लहान दगडांनी गाव उद्ध्वस्त होत नाही. किती नुकसान होणार हे मुख्यतः आकारावर ठरतं.

किती मोठा दगड, किती नुकसान?

शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशोब असा आहे:

- ४ मीटर (एका मोठ्या गाडीएवढा): साधारण वर्षाला एक येतो आणि हवेतच जळतो.
- २० मीटर: ५० ते १०० वर्षांत एखादा. हवेत फुटतो, काचा फुटतात, लोक जखमी होतात.
- ६० मीटर: साधारण हजार वर्षांत एखादा. एक शहर उद्ध्वस्त करू शकतो.
- १४० मीटर: साधारण २०,००० वर्षांत एखादा. मोठा प्रदेश उद्ध्वस्त होऊ शकतो.
- १ किलोमीटर: काही लाख वर्षांत एखादा. परिणाम सगळ्या जगावर.
- १० किलोमीटर: ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आला होता. डायनोसॉर संपले.

‘हजार वर्षांत एखादा’ म्हणजे हजार वर्षं निवांत, असा अर्थ काढू नका. ही सरासरी आहे. निसर्ग काही टाइमटेबल पाळत नाही.

पुरावा बघायचाय? लोणारला जा

जळगावहून सरळ रेषेत मोजलं तर सुमारे १५० किलोमीटरवर बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. शाळेची सहल गेली असेल तर तुम्ही पाहिलंच असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे गोल विवर एका धडकेने तयार झालं. आपल्या खान्देशात शेताखाली जो काळा बेसाल्ट दगड लागतो, त्याच दगडात ते खणलं गेलंय.

पूर्वी अनेकांना हा ज्वालामुखीचा प्रकार वाटायचा. १९७० च्या दशकात तिथे मास्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला. तो प्रचंड दाबाच्या धक्क्यानेच बनतो, ज्वालामुखीत नाही. त्यामुळे धडकेची गोष्ट पक्की झाली. वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने वय सुमारे ५२,००० वर्षं निघालं, तर नंतरच्या आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं.

आता महत्त्वाचा मुद्दा. एवढा मोठा खड्डा करणारा दगड केवढा असेल? अंदाज साधारण ६० ते १०० मीटरच्या घरात आहेत. म्हणजे एखाद्या क्रिकेट मैदानात मावेल एवढाच. मामांच्या मेसेजमधला लघुग्रहही सुमारे ६० मीटरचाच होता. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला गंभीरपणे घेतलं.

‘२०२४ वायआर४’ची खरी गोष्ट

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या ‘ॲटलास’ दुर्बिणीला दिसला. गंमत म्हणा की काळजीची गोष्ट म्हणा, तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळून दोन दिवस आधीच, २५ डिसेंबरला, निघून गेला होता. म्हणजे जाताना सापडला, येताना नाही.

२०२५ च्या जानेवारीअखेर २०३२ मध्ये धडक होण्याची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. १० मीटरपेक्षा मोठ्या लघुग्रहाची शक्यता १ टक्क्यापुढे गेली की आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळं अधिकृत सूचना देतं. तशी सूचना निघाली. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्क्यांवर गेला. एवढ्या आकाराच्या लघुग्रहासाठी नोंदवलेली ही सर्वांत मोठी शक्यता होती. धोक्याच्या ० ते १० या टोरिनो मोजपट्टीवर त्याला ३ अंक मिळाला.

आणि ती लाल पट्टी? धडक झालीच तर ती कुठे होऊ शकते, याची ती रेषा होती. पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया असा तिचा मार्ग होता. मुंबई त्या पट्टीच्या वाटेवर होती, ही गोष्ट खरी. इशाऱ्यात असंही म्हटलं होतं की धडक झाल्यास जोरदार स्फोटाचा फटका ५० किलोमीटरपर्यंत बसू शकतो. समजा केंद्र जळगाव धरलं, तर भुसावळ, यावल, एरंडोल सगळं त्यात येतं.

मग सहा दिवसांत, २४ फेब्रुवारीला, शक्यता ०.००४ टक्क्यांवर आली. २०३२ मध्ये पृथ्वीला त्याच्यापासून धोका नाही, हे स्पष्ट झालं.

शक्यता आधी वाढली आणि मग एकदम शून्यावर कशी आली?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मामांनीही हेच विचारलं, “आधी वाढवली, मग काढून टाकली. दडपताय का काही?” नाही. हे समजायला फोनमधलं गुगल मॅप उघडा.

नेटवर्क कमकुवत असलं की निळ्या ठिपक्याभोवती मोठं फिकट निळं वर्तुळ दिसतं. म्हणजे फोन सांगतो, ‘तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात.’ समजा त्या वर्तुळात १०० घरं आहेत आणि त्यातलं एक तुमचं. तुम्ही स्वतःच्या घरात असण्याची शक्यता झाली १ टक्का. जीपीएस सुधारलं, वर्तुळ लहान झालं, आता त्यात ३३ घरं उरली आणि तुमचं घर अजून आतच आहे. शक्यता झाली ३ टक्के. वर्तुळ आणखी लहान झालं आणि तुमचं घर बाहेर पडलं. शक्यता शून्य.

लघुग्रहाचंही तसंच. सुरुवातीला काही दिवसांचीच निरीक्षणं असतात, म्हणून २०३२ मध्ये तो कुठे असेल याचा पट्टा खूप लांब असतो. रोजच्या नव्या निरीक्षणांनी पट्टा आखडतो. पृथ्वी जोपर्यंत पट्ट्यात आहे तोपर्यंत टक्केवारी वाढते, बाहेर पडली की कोसळते. दगड आपल्या दिशेने वळला म्हणून आकडा वाढत नाही, आपली माहिती वाढते म्हणून वाढतो. २००४ मध्ये अपोफिस नावाच्या मोठ्या लघुग्रहाचं असंच झालं होतं. त्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली आणि मग मावळली. तो १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून सुरक्षित निघून जाणार आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी एखाद्या लघुग्रहाचा आकडा वाढतच जाऊन १०० वर पोहोचू शकतो. म्हणून ‘नेहमी शून्यच होतं’ म्हणून दुर्लक्ष करणंही बरोबर नाही.

लघुग्रह शोधतात कसे?

पद्धत ऐकायला सोपी आहे. दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो काढते. तारे जागेवर राहतात, लघुग्रहाचा ठिपका सरकतो. सॉफ्टवेअर तो सरकलेला ठिपका पकडतं. माहिती अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरला जाते आणि जगभरातल्या दुर्बिणी त्याच्या मागे लागतात. नासाची ‘सेंट्री’ ही प्रणाली पुढच्या १०० वर्षांतल्या धडकेच्या शक्यता मोजत राहते.

आपलाही यात वाटा आहे. लडाखमधल्या हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ‘ग्रोथ-इंडिया’ नावाची ०.७ मीटरची रोबोटिक दुर्बीण आहे. ती झपाट्याने सरकणाऱ्या लघुग्रहांचाही पाठलाग करते. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे अमेरिकेत सकाळ झाली की पाठलाग चालू ठेवायला आपल्या बाजूची दुर्बीण लागतेच.

मग कमी कुठे पडतं?

१ किलोमीटरपेक्षा मोठे जवळचे लघुग्रह ९० टक्क्यांहून जास्त सापडलेत. १४० मीटरपेक्षा मोठे साधारण २५,००० असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले निम्म्याहून कमी सापडलेत. ५० मीटरच्या आसपासचे तर दहातला एखादाच माहीत आहे. म्हणजे लोणार करू शकणाऱ्या दगडांपैकी बहुतेकांचं नावही आपल्या यादीत नाही. बातमीत नाव आलेला लघुग्रह निदान नजरेखाली तरी असतो. खरी काळजी बिननावाच्यांची आहे.

दुसरी अडचण सूर्याची. दुर्बिणी रात्री बघतात. सूर्याच्या दिशेने येणारा दगड त्यांना दिसतच नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर आलेला सुमारे २० मीटरचा दगड असाच आला होता. कुणालाही आधी कळलं नाही.

तिसरी अडचण, ठिपका किती तेजस्वी आहे यावरून आकार नीट कळत नाही. लहान पण पांढरट दगड आणि मोठा पण कोळशासारखा काळा दगड सारखेच दिसतात. यासाठी उष्णता, म्हणजे इन्फ्रारेड किरण, बघावे लागतात. जेम्स वेब दुर्बिणीने ‘वायआर४’चा आकार सुमारे ६० मीटर ठरवला तो तसाच. नासाची ‘निओ सर्व्हेयर’ ही अवकाश दुर्बीण खास याच कामासाठी बनवली जातेय. ती इन्फ्रारेडमध्ये बघेल आणि सूर्याच्या बाजूचा बराच भागही शोधू शकेल.

आधी कळलं तर थांबवता येईल का?

येईल, पण वेळ पाहिजे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं ‘डार्ट’ यान सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आपटवलं गेलं. डायमॉर्फसची त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती. ती सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. माणसाने पहिल्यांदाच एका अवकाशस्थ दगडाची वाट बदलली.

आता हिशोब बघा. एखाद्या लघुग्रहाचा वेग आपण सेकंदाला फक्त २ सेंटीमीटरने बदलला, तर १० वर्षांत साध्या गुणाकाराने सुमारे ६,३०० किलोमीटरचा फरक पडतो. पृथ्वीची त्रिज्याच जवळपास तेवढी आहे. पण धडकेच्या १० दिवस आधी तेवढाच धक्का दिला, तर फरक पडतो फक्त १७ किलोमीटरचा. म्हणजे जळगावऐवजी नशिराबाद एवढाच.

उशिरा कळलं तर एकच उपाय उरतो, लोकांना हलवणं. २००८ मध्ये ४ मीटरचा एक दगड सुदानवर फुटण्याच्या सुमारे १९ तास आधी सापडला होता आणि कुठे पडणार तेही सांगता आलं होतं. तेवढ्या वेळात एक तालुका रिकामा करता येईल, मुंबई नाही.

आकाशात काही दिसलं तर?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भासह जळगाव, बुलढाणा, अकोला भागातल्या लोकांना आकाशात जळत जाणारे गोळे दिसले. मीही गच्चीवरून व्हिडिओ काढला होता. लगेच ‘उल्कापात’, ‘विमान पडलं’ असे मेसेज सुरू झाले. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं आणि गोळे सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं.

फरक ओळखायची साधी खूण सांगतो. उल्का बहुतेक वेळा एक-दोन किंवा फार तर काही सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा सावकाश, जवळजवळ आडवा जातो, तुकडे एका रांगेत दिसतात आणि व्हिडिओ काढायला निवांत वेळ मिळतो.

आणि हे नक्की वाचा. चेल्याबिन्स्कला सुमारे १,५०० लोक जखमी झाले. दगड डोक्यात पडून नाही, बहुतेक जण काचांमुळे. लख्ख प्रकाश दिसला म्हणून लोक खिडकीशी बघायला गेले आणि साधारण दोन मिनिटांनी धक्कालहर येऊन काचा फुटल्या. एका शिक्षिकेने मुलांना बाकाखाली लपायला लावलं, ती मुलं वाचली. म्हणून आकाशात सूर्यासारखा लखलखाट दिसला तर मोबाईल घेऊन खिडकीत जाऊ नका. काचेपासून दूर, भिंतीच्या आड खाली बसा आणि किमान पाच मिनिटं तिथेच थांबा.

मेसेज खरा की खोटा, कसं तपासायचं?

१. नाव बघा. खऱ्या लघुग्रहाला नाव किंवा क्रमांक असतोच. ‘२०२४ वायआर४’ मध्ये २०२४ हे वर्ष, वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि आर४ म्हणजे त्या पंधरवड्यातला ११७ वा शोध. नुसतं ‘महाकाय लघुग्रह’ लिहिलं असेल तर शंका घ्या.

२. अंतर बघा. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. बातमीतलं ‘अगदी जवळून’ अनेकदा त्याच्या दहापट लांब असतं.

३. ‘धोकादायक’ या शब्दाला घाबरू नका. साधारण १४० मीटरपेक्षा मोठा आणि ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या ७५ लाख किलोमीटरच्या आत येते, अशा प्रत्येकाला हे लेबल लागतं.

४. नासाच्या ‘सेंट्री’च्या यादीत नाव शोधा. टोरिनो अंक ० असेल तर निवांत झोपा. नासाचं ‘आइज ऑन ॲस्टेरॉइड्स’ फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं आणि कक्षा फिरवून बघता येते.

५. फोनमधले आपत्कालीन इशारे बंद करू नका. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन अचानक जोरात वाजले होते, आठवतं? ती सरकारी इशारा यंत्रणेची चाचणी होती.

आपण स्वतः लघुग्रह शोधू शकतो का?

हो! आंतरराष्ट्रीय खगोलीय शोध सहयोग, म्हणजे ‘आयएएससी’, या उपक्रमात शाळा-कॉलेजच्या टीमना खऱ्या दुर्बिणीचे फोटो मोफत मिळतात. लॅपटॉपवर ‘ॲस्ट्रोमेट्रिका’ सॉफ्टवेअरमध्ये सरकणारा ठिपका शोधायचा आणि अहवाल पाठवायचा. २०२० मध्ये सुरतच्या दोन शाळकरी मुलींनी असाच एक लघुग्रह शोधला होता. जळगाव-धुळ्याहून सुरतला तर आपली रोजची गाडी जाते. तिथल्या मुलींना जमलं, आपल्याला का नाही?

थोडक्यात

मोठे लघुग्रह बहुतेक सापडलेत. लोणारच्या मापाचे बहुतेक सापडायचे बाकी आहेत. आधी सापडले तर वाट बदलता येते, उशिरा सापडले तर फक्त माणसं हलवता येतात. म्हणून यात दुर्बिणीचं काम यानाच्याही आधीचं आहे.

मामांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पोरीला परत बोलवायला नको ना?” मी म्हटलं, “नको मामा, पण ते ‘फेक आहे’ मी घाईत बोललो, ते माझं चुकलं.” न वाचता फॉरवर्ड करणं आणि न वाचता फेक म्हणणं, दोन्ही सारखंच. पुढच्या वेळी असा मेसेज आला की दोन मिनिटं काढा, लघुग्रहाचं नाव शोधा आणि मगच घरच्यांना उत्तर द्या.